ट्रे लान्स प्रकरण: जीएमला मार्क द्यायचे तर कुठल्या दिवसाचे?

आधी एक खुलासा, इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, एनएफएल. मेस्सीवाला नाही. आणि जीएम म्हणजे जनरल मॅनेजर, म्हणजे संघात कोण येणार, कोण जाणार, कोणाला किती पैसे हे ठरवणारा माणूस. कोच त्याच माणसांना घेऊन मैदानात लढतो. आयपीएलच्या लिलावात टेबलावर बसून पॅडल वर करणारे असतात ना, तसंच काहीसं, फक्त इथे ते काम वर्षाचे बाराही महिने चालतं.

आमचा सनीवेलमध्ये आठ जणांचा ग्रुप आहे, सगळे मराठी, बहुतेक आयटीवाले, सँटा क्लाराच्या स्टेडियमपासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर राहणारे, त्यामुळे फोर्टीनाइनर्स (सॅन फ्रान्सिस्कोचा संघ) आपोआपच घरचे झालेत. नावं कोणाचीच देत नाही, फक्त एका काकांचा उल्लेख सारखा येईल, कारण त्यांनी जो मोंटानाचा (फोर्टीनाइनर्सचा जुना दिग्गज क्वार्टरबॅक) जमाना डोळ्यांनी बघितलाय आणि ते आम्हाला विसरू देत नाहीत. तर आमच्याकडे एक शीट आहे. संघाने मोठा निर्णय घेतला की त्याच दिवशी प्रत्येकाने दहापैकी मार्क द्यायचे आणि एका ओळीत कारण लिहायचं, नंतर बदलायचं नाही. तीन वर्षांनी पुन्हा मार्क द्यायचे. २६ मार्च २०२१ ला संघाने कॉलेजच्या पोरांच्या निवडीत वरचा नंबर मिळवायला भारी किंमत मोजली आणि पुढे त्यावर ट्रे लान्स हा क्वार्टरबॅक (बॉल फेकून सगळं आक्रमण चालवणारा) घेतला. ती ओळ त्या शीटवर सगळ्यात जास्त भांडणं लावून गेली, म्हणून तेवढं एकच प्रकरण इथे सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

जॉन लिंच जानेवारी २०१७ मध्ये जीएम झाला तेव्हा तो टीव्हीवर कॉमेंट्री करत होता. त्याआधी टँपा बे आणि डेन्व्हरकडून सेफ्टी (सगळ्यात मागे राहून बचाव करणारा) म्हणून खेळलेला, सुपर बोल (लीगची फायनल) जिंकलेला, पण ऑफिसमध्ये बसून संघ बांधायचा अनुभव शून्य. लगेच पाठोपाठ काइल शॅनहन हेड कोच म्हणून आला, दोघांनाही सहा-सहा वर्षांचे करार. म्हणजे मालकाने सांगूनच टाकलं की घाई नाही, नीट बांधा.

पहिल्याच ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या पोरांची निवड, आदल्या वर्षी जो संघ सगळ्यात वाईट त्याचा नंबर पहिला) यांनी तिसऱ्या नंबरवर सॉलोमन थॉमस घेतला, जो चालला नाही, आणि त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या नंबरवर पॅट्रिक महोम्स गेला, जो पुढे लीगचा सगळ्यात गाजलेला क्वार्टरबॅक झाला. हे वाक्य बे एरियात मोठ्याने बोलायचं नसतं. पण त्याच वर्षी पाचव्या राउंडला जॉर्ज किटल मिळाला, पुढच्या वर्षी तिसऱ्या राउंडला फ्रेड वॉर्नर, २०१९ ला निक बोसा आणि डीबो सॅम्युअल. लिंचचं हे बऱ्याचदा होतं, बोसासारखे अपवाद सोडले तर वरच्या नंबरवर घसरतो आणि खालच्या राउंडमध्ये सोनं काढतो.

क्वार्टरबॅक म्हणून ऑक्टोबर २०१७ मध्ये एक सेकंड राउंड पिक (ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत खेळाडू निवडायचा हक्क) देऊन न्यू इंग्लंडकडून जिमी गरापोलो आणला. आल्या आल्या त्याने पाचच्या पाच मॅच जिंकल्या, मग त्याला पाच वर्षांचा साडेतेरा कोटी डॉलरच्या वरचा करार. २०१९ चा सीझन १३-३ (तेरा जिंकल्या, तीन हरल्या), सुपर बोलपर्यंत धडक, चौथ्या क्वार्टरमध्ये २०-१० ने पुढे, आणि तिथून महोम्सच्या कॅन्सस सिटीकडून ३१-२० ने हार. शेवटी शेवटी आपला इमॅन्युएल सँडर्स मोकळा सुटला होता आणि जिमीचा बॉल त्याच्या डोक्यावरून गेला. तो एक थ्रो. माझ्या मते लान्स प्रकरणाची सुरुवात तिथेच होते, पुढच्या वर्षी नाही.

अडचण

जिमी वाईट होता का? अजिबात नाही, आणि भांडणाचं मूळच हे आहे. २०१७ ते २०२० मध्ये तो सुरुवातीपासून खेळला त्या मॅचमध्ये संघ २२-८. तो नसताना ७-२७. पण तो असायचाच कुठे? २०१८ मध्ये तिसऱ्या मॅचला गुडघा गेला, २०२० मध्ये घोटा. २०१८ ते २०२० या तीन सीझनच्या ४८ मॅचपैकी २३ ला तो बाहेर. आणि ज्या मॅचमध्ये असायचा त्यातही शॅनहनला हवा तो लांब बॉल त्याच्याकडून निघत नव्हता.

वर पैशाचं गणित. कोविडमुळे २०२१ ला सॅलरी कॅप १९८.२ मिलियनवरून १८२.५ मिलियनवर आली. प्रत्येक संघाला खर्चाची हीच मर्यादा, एक पैसा जास्त नाही. त्यात जिमी एकटाच पंचवीस मिलियनच्या वर खाणार. उलट ड्राफ्टमधून आलेल्या क्वार्टरबॅकचा रुकी (नवख्याचा) करार चार वर्षं स्वस्त असतो, त्या चार वर्षांत उरलेल्या पैशांत बाकीचा संघ भरायचा, हा त्या काळचा सगळ्यांचाच आवडता फॉर्म्युला.

२०२० चा सीझन ६-१०, सगळे जखमी, त्यामुळे ड्राफ्टमध्ये बारावा नंबर. इथेच खरी मेख आहे, संघ मुळात बाराव्या नंबरच्या लायकीचा नव्हताच, चांगला संघ एक वर्ष दवाखान्यात जाऊन आला होता. म्हणजे एवढा वरचा नंबर परत मिळणार नाही, जे करायचं ते आत्ताच.

पर्याय काय काय होते

डेट्रॉइटचा अनुभवी क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड, हा पर्याय जानेवारीतच संपला. रॅम्सने दोन फर्स्ट राउंड, एक थर्ड राउंड आणि स्वतःचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ देऊन त्याला डेट्रॉइटकडून उचलला. आपल्याच डिव्हिजनमधला शत्रू.

दुसरा पर्याय, जिमीवरच आणखी एक वर्ष काढायचं आणि बाराव्या नंबरवर दुसऱ्या जागेचा भारी खेळाडू घ्यायचा. काकांचं मत हेच.

तिसरा, बाराव्या नंबरवर बसून राहायचं आणि त्या वर्षीच्या नावाजलेल्या पाचपैकी एखादा क्वार्टरबॅक घरंगळत खाली आला तर घ्यायचा, किंवा ड्राफ्टच्या दिवशी थोडंफार देऊन दोन-चार नंबर वर सरकायचं. हा पर्याय त्या वेळी आमच्यापैकी एकानेही शीटवर लिहिला नव्हता, मीसुद्धा नाही. नंतर कळलं की जस्टिन फील्ड्स अकराव्या नंबरपर्यंत आणि मॅक जोन्स पंधराव्यापर्यंत शिल्लक होते. आता हे नंतरचं शहाणपण आहे हे मान्य, पण ड्राफ्टच्या दिवशी क्वार्टरबॅक खाली घसरतात हे काही २०२१ मध्ये पहिल्यांदा घडलेलं नाही.

चौथा, महिनाभर आधीच मोठी किंमत मोजून वर जायचं.

यांनी चौथा घेतला. मायामीला दिलं २०२१ चं बारावं पिक, २०२२ चं फर्स्ट राउंड, २०२३ चं फर्स्ट राउंड आणि २०२२ चं एक थर्ड राउंड. मिळालं तिसरं पिक. बस. आणि मायामीने त्याच दिवशी फिलाडेल्फियाशी दुसरा सौदा करून सहाव्या नंबरवर परत उडी मारली, तिथे जेलन वॉडल घेतला. आवळा देऊन कोहळा कसा काढतात ते त्यांच्याकडून शिकावं.

शीटवरचे त्या दिवशीचे मार्क

मी आठ दिले होते, कारण लिहिलं होतं "जिमी सारखा मोडतो, कॅप कमी झाली, संघ तयार आहे, हीच वेळ". काकांनी तीन दिले, कारण "हातचं सोडून पळत्याच्या मागे". नाशिकच्या मित्राने सहा दिले आणि लिहिलं "कोण घेणार त्यावर अवलंबून", तेव्हा आम्ही त्याला हसलो होतो, की हा काय परीक्षेत पर्याय सोडून देतो.

किंमत जास्त होती का, तर वाटते तेवढी नव्हती. डॅलसचा जुना कोच जिमी जॉन्सन याच्या काळापासून पिकांच्या किमतीचा एक तक्ता लीगमध्ये फिरतो, त्यात तिसऱ्या नंबरला २२०० पॉइंट आणि बाराव्याला १२००. पुढची दोन्ही फर्स्ट राउंड पिकं शेवटी २९ व्या नंबरवर पडली, तक्त्यात एकेकाचे ६४०. सगळं मिळून अडीच हजारांच्या आसपास, आणि उद्याचं पिक आजच्यापेक्षा स्वस्त धरतात तेवढी सूट दिली तर जवळपास बरोबरीच. क्वार्टरबॅकसाठी लोक याहून जास्त देतात. रिचर्ड थेलर आणि केड मॅसी या अभ्यासकांनी मात्र हाच तक्ता खोटा आहे असं दाखवलंय, की संघ अगदी वरच्या पिकांना जास्त भाव देतात आणि पगाराच्या मानाने खरा फायदा थोडा खालच्या पिकांत असतो. त्यांचं मानलं तर आम्ही सगळेच येडे.

काय केलं

सौदा मार्चमध्ये, ड्राफ्ट एप्रिलच्या शेवटी. मधला महिना भयंकर गेला. सगळे म्हणत होते मॅक जोन्स येणार. पत्रकारांनी विचारलं, जिमी ड्राफ्ट संपल्यावर रविवारी संघात असेल का, तर शॅनहन म्हणाला की रविवारी जगात कोण जिवंत असेल याचीच गॅरंटी देता येत नाही. हे ऐकून आमच्या ग्रुपवर जे काही आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

२९ एप्रिलला नाव आलं, ट्रे लान्स, नॉर्थ डकोटा स्टेट. २०१९ मध्ये त्याच्या पासवर २८ टचडाउन (गोलसारखं) आणि एकही इंटरसेप्शन (समोरच्याने पकडलेला पास) नाही, पळायला वाघ, हात दमदार. पण छोट्या विद्यापीठाचा, एकूण सतराच मॅच सुरुवातीपासून खेळलेला, आणि कोविडमुळे २०२० मध्ये फक्त एक मॅच. म्हणजे सगळ्यात कच्चा माल सगळ्यात तयार संघात.

मग त्याला बसवून ठेवलं. २०२१ मध्ये जिमीच खेळला, लान्सला सुरुवातीपासून दोनच मॅच. संघ कॉन्फरन्सच्या फायनलला (म्हणजे सुपर बोलची सेमीफायनल) पोचला आणि तिथे स्टॅफर्डच्या रॅम्सकडून २०-१७ ने हरला, पुन्हा चौथ्या क्वार्टरमध्ये दहाची आघाडी घालवून.

२०२२ ला ठरलं, आता लान्स. जिमीला विकायचं होतं पण मार्चमध्ये त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, कोणी घेईना. ऑगस्टच्या शेवटी त्याचा पगार खूप खाली आणून बॅकअप म्हणून ठेवून घेतला. याच आठवड्यातला दुसरा निर्णय कोणाच्या लक्षात राहत नाही. नेट सडफेल्ड नावाच्या बॅकअपला दोन मिलियनची हमी देऊन बसले होते, ते पैसे पाण्यात सोडून त्याला काढला आणि तिसरा क्वार्टरबॅक म्हणून ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा पोरगा ५३ जणांच्या अंतिम संघात ठेवला. ब्रॉक पर्डी. शेवटच्या पिकाला अमेरिकेत गमतीने मिस्टर इरेलेव्हंट म्हणतात, म्हणजे ज्याच्या असण्या-नसण्याने फरक पडत नाही असा.

लान्स शिकागोच्या धो धो पावसात पहिली मॅच हरला, आणि दुसऱ्या मॅचमध्ये, १८ सप्टेंबरला, मधल्या गर्दीतून पळताना त्याचा घोटा मोडला. संपला सीझन. जिमी परत. ऑक्टोबरमध्ये लिंचने बॉल घेऊन पळणारा स्टार क्रिश्चियन मॅकॅफ्री आणला (सेकंड, थर्ड, फोर्थ आणि पुढच्या वर्षीचं फिफ्थ राउंड देऊन, आणि यावर आमच्या शीटवर आठही जणांचे नऊच्या वर मार्क आहेत). ४ डिसेंबरला जिमीचा पाय मोडला, मॅच कोणाशी, तर मायामीशी, देवाला पण कधीकधी विनोद सुचतात. पर्डी आला आणि ३३-१७ ने जिंकला. मग जिंकतच गेला.

निकाल

पर्डी कॉन्फरन्स फायनलपर्यंत घेऊन गेला, तिथे फिलाडेल्फियात कोपराचा लिगामेंट फाटला आणि ३१-७ हार. २५ ऑगस्ट २०२३ ला लान्स डॅलसला गेला, बदल्यात २०२४ चं एक फोर्थ राउंड पिक. फोर्टीनाइनर्ससाठी एकूण आठ मॅच, त्यातल्या चार सुरुवातीपासून, १०२ पास. आणि डॅलसमध्ये त्याच्या नव्या सहकाऱ्यांत कोण, तर लीगमधला स्टार बचावपटू मायका पार्सन्स. जो २०२१ ला बाराव्या नंबरवर गेला होता. तेच बारावं पिक, सॅन फ्रान्सिस्कोतून मायामी, तिथून फिलाडेल्फिया, तिथून डॅलस. काकांनी त्या दिवशी ग्रुपवर फक्त "१२" एवढंच टाकलं.

२०२३ मध्ये पर्डीने ४,२८० यार्ड आणि ३१ टचडाउन केले, रेटिंगमध्ये लीगमध्ये पहिला, बेस पगार दहा लाख डॉलरपेक्षाही कमी. लास व्हेगासच्या सुपर बोलमध्ये पुन्हा महोम्स, पुन्हा हार, ओव्हरटाइममध्ये २५-२२.

मार्क कुठे कापायचे

इथून ग्रुपमध्ये तीन पार्ट्या झाल्या. एक म्हणे पर्डी मिळाला ना, मग काय रडताय, लिंच पास. काका म्हणे मी तीन दिले होते, बघा, मीच बरोबर. आणि मी आपला आठचं काय करायचं या विचारात.

पर्डीवाल्यांचं मला अजिबात पटत नाही. त्या ड्राफ्टमध्ये फोर्टीनाइनर्सने नऊ पोरं घेतली, पर्डी नववा. म्हणजे यांनी स्वतःच आठ वेळा त्याला सोडलं! त्यात थर्ड राउंडला घेतलेले टाय डेव्हिस-प्राइस आणि डॅनी ग्रे, ज्यांचं पुढे काही झालं नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली म्हणून कावळ्याला सुतारकामाचे मार्क देणार का? मार्क द्यायचेच तर ऑगस्ट २०२२ चे द्या, दोन मिलियन सोडून देऊन त्या पोराला ठेवला त्याचे. तो निर्णय डोळे उघडे ठेवून घेतलेला होता, रोज सरावात काय दिसतंय ते बघून, आणि आपण आधी कोणावर पैसे लावलेत ते विसरून. माझे दहापैकी नऊ. जिमीला बॅकअप ठेवण्याचेही तेवढेच.

आणि काकांचं? अहो काका, तुमचा आकडा बरोबर आला पण कारण चुकलं. तुम्ही लिहिलंय हातचं सोडू नका, आणि हातचं म्हणजे जिमी. तो २०२२ ला पुन्हा मोडलाच की. जिमीच्या भरवशावर राहू नये हे २०२१ मध्येही बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे. काका हे ऐकून म्हणाले, "तू शाळेत पण असेच पायऱ्यांचे मार्क मागायचास का?" हो, मागायचो. गणितात उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मिळायचे, आणि नुसतं उत्तर लिहिलं तर शून्य.

गोची अशी की "लान्स ट्रेड" म्हणून आपण ज्याला मार्क देतो तो एक निर्णय नाहीच. जिमीनंतरचा माणूस शोधायचा, हा एक. त्यासाठी महिनाभर आधी तीन फर्स्ट राउंड मोजायची, हा दुसरा. त्या जागेवर लान्स घ्यायचा, हा तिसरा. आणि घेतल्यावर त्याला कसं वापरायचं हा चौथा, जो जीएमपेक्षा कोचचा जास्त. मी आठ दिले ते पहिल्याचे होते, आणि मी ते दुसऱ्यालाही न मागता देऊन टाकले. नाशिकवाल्याला आम्ही हसलो पण प्रश्न बरोबर त्यानेच विचारला होता: कोण घेणार?

कारण त्या महिन्याकडे बघा. सौदा झाल्यावर हे लोक प्रो-डे (कॉलेजची पोरं संघांसमोर खेळून दाखवतात तो दिवस) बघत फिरतायत. ३० मार्चला मॅक जोन्सचा बघितला, १९ एप्रिलला लान्सने खास दुसरा ठेवला तो बघितला. नवरी ठरायची आहे आणि हॉलचं भाडं आधीच भरून टाकलंय. आत मनात काय होतं ते त्यांना माहीत, पण जोन्स, लान्स, फील्ड्स या तिघांपैकी कोणीही चालेल असं असेल तर तिघांतला एक खाली येईपर्यंत थांबता आलं असतं, आणि एकच हवा असेल तर तो एवढा कच्चा कसा?

आणि चौथा निर्णय मला सगळ्यात जास्त खुपतो. कच्च्या क्वार्टरबॅकला मॅच हव्यात, चुका करायला मोकळीक हवी. वाईट संघात ती मिळते, कारण हरायला काही नसतं. इथे सुपर बोलच्या लायकीचा संघ, बोसा, किटल, वॉर्नर, ट्रेंट विल्यम्स ऐन भरात, एक मॅच हरली तरी कोचवर आरडाओरडा. त्या पोराला चुकायला जागाच नव्हती. दोन वर्षांत चार मॅच, त्यातली एक पावसात आणि एकीत पहिल्याच क्वार्टरमध्ये घोटा. यावरून लान्स वाईट होता असं म्हणणंसुद्धा अवघडच आहे, परीक्षाच झाली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पुढचं दुसरं फर्स्ट राउंड, २०२३ चं, ते द्यायला नको होतं, एवढ्यावर आमचे आठही जण आता एकमत आहेत. ते अडवून धरलं असतं तर कदाचित सौदा मोडला असता, आणि मोडला असता तर बाराव्यावर बसून राहण्यात काही आभाळ कोसळत नव्हतं. फर्स्ट राउंडशिवाय दोन वर्षं काढल्याचा चटका लगेच नाही, उशिरा बसतो. २०२३ ला यांचं पहिलं पिकच ८७ व्या नंबरवर, आणि ९९ व्या नंबरवर किकर. त्याच किकरची सुपर बोलमधली एक्स्ट्रा पॉइंटची किक अडवली गेली. २०२४ ला जुने खेळाडू थकले, जखमी झाले, खालून येणारी स्वस्त तरणी फळी नाही, ६-११. अर्थात ती पिकं असती तर हिरेच मिळाले असते असंही नाही, २९ व्या नंबरचं २०२२ चं पिक हातोहात फिरत न्यू इंग्लंडला गेलं आणि त्यांनी घेतलेला गार्ड (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीतला) काही खास निघाला नाही.

लान्सच घ्यायचा होता तर २०२१ मध्येच, पहिल्या वर्षी, जिमी ६-१० च्या आठवणींसह परत आला होता तेव्हा, पाच-सहा मॅच त्याला देऊन बघायला हव्या होत्या. सीझन वाया गेला असता का? कदाचित. पण तीन फर्स्ट राउंड घातलेल्या वस्तूचं खोकंच उघडायचं नाही आणि मग गॅरंटी संपल्यावर विकायची, याला काय म्हणायचं.

शीटवर नियमाप्रमाणे तीन वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, पुन्हा मार्क भरले. मी एकाच्या चार ओळी केल्या: जिमीनंतरचा शोध आठ, आधीच मोजलेली किंमत चार, लान्सची निवड पाच, त्याचा वापर दोन. काकांनी आपले तीन तसेच ठेवले, कारणासकट. मे २०२५ मध्ये पर्डीला पाच वर्षांचे २६५ मिलियन मिळाले आणि स्वस्ताई संपली, त्याची नवी ओळ उघडलीय, मी सहा दिलेत आणि कारण यावेळी चांगलं लांबलचक लिहिलंय.

आणि हो, लान्सच्या बदल्यात डॅलसकडून आलेलं ते फोर्थ राउंड पिक, १२४ वं. त्यावर २०२४ ला मलिक मुस्तफा घेतला, वेक फॉरेस्टचा सेफ्टी, आणि पोरगा पहिल्याच वर्षी स्टार्टर झाला. लिंच स्वतः खेळायचा तेव्हा सेफ्टीच होता. काका म्हणाले, "बघ, ओळखीच्या दुकानात गेला की बरोबर भाव करतो."